'मनमिळाऊ' : शब्द आणि त्याचा अर्थ

काही शब्द आपल्या इतके सरावाचे झालेले असतात की त्यांच्याकडे थांबून पाहण्याची आपल्याला कधी गरजच वाटत नाही. 'मनमिळाऊ' हा असाच एक शब्द. वर्तमानपत्रातील निधनवार्ता वाचाव्यात, तर दिवंगत व्यक्ती 'शांत व मनमिळाऊ स्वभावाची' असते. वधूवरांच्या जाहिराती पाहाव्यात, तर मुलगी 'सुशील, गृहकृत्यदक्ष व मनमिळाऊ' असते किंवा तशी हवी असते. सेवानिवृत्तीच्या समारंभात, सत्काराच्या मानपत्रात, नव्या सरपंचाच्या अभिनंदनात हा शब्द हटकून येतो. इतके करून 'मनमिळाऊ म्हणजे काय?' असे कोणी विचारले तर 'सर्वांशी मिळूनमिसळून वागणारा' यापलीकडे आपल्याला फारसे सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, त्याची भावंडे आणि आपण तो कोणाला लावतो, या तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

शब्दाची घडण

या शब्दाचे तीन तुकडे पडतात : मन, मिळ आणि आऊ. पैकी 'मन' हा संस्कृत 'मनस्' पासून आला. त्याच्या मुळाशी 'मन्' म्हणजे विचार करणे हा धातू आहे. मराठीत मात्र मन हे विचारापेक्षा इच्छेचे आणि भावनेचे ठिकाण झाले. 'मन लागत नाही', 'मनात भरले', 'मन मोडले' हे आपले प्रयोग पाहिले म्हणजे ते ध्यानात येते. मराठीने 'मन' पुढे घालून बरेच सामासिक शब्द तयार केले आहेत : मनमोकळा, मनमानी, मनमुराद, मनकवडा, मनधरणी. त्यांत एक भेद दिसतो. मनमोकळा, मनमानी, मनमुराद यांना एकट्याचे मन पुरते. मनमानी करायला दुसरा माणूस लागतो तो फक्त ती सोसण्यापुरता! मनकवडा आणि मनधरणी यांत दुसऱ्याचे मन येते. 'मनमिळाऊ' मध्ये मात्र दोन मनांवाचून भागतच नाही; कारण मिळायचे म्हटले की कोणाला तरी मिळावे लागते.

दुसरा तुकडा 'मिळ'. संस्कृत 'मिल्' धातूचे हे मराठी रूप. दोन स्वरांच्या मधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो. फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ तसेच मिल्-मिळ. जिथे प्राकृतात जोड 'ल्ल' होता तिथे मराठीत 'ल' राहिला. म्हणून 'काल' या संस्कृत शब्दाचा आपला 'काळ' झाला, पण 'कल्य' पासून प्राकृत 'कल्ल' होऊन आपला 'काल' (म्हणजे मागचा दिवस) आला. दोन शब्दांचे वेगळे कूळ एवढ्या एका अक्षरावरून कळते. असो.

याच धातूपासून शेजारच्या भाषांनीही याच अर्थाचे शब्द घडवले आहेत. हिंदीत 'मिलनसार' म्हणतात, गुजरातीत 'मळतावडो'. दोन्ही शब्दांत मिळणे आहे, पण मन नाही. लोकांना भेटणारा, लोकांत मिसळणारा एवढेच ते सांगतात. मराठीने त्यात मन घातले. मराठीची ही अट कडक आहे. नुसते भेटून, हसून, नमस्कार करून कोणी मनमिळाऊ होत नाही, मने मिळाली पाहिजेत असे आपला शब्द म्हणतो.

तिसरा तुकडा 'आऊ' हा प्रत्यय. वरकरणी सगळ्यांत क्षुल्लक वाटणारा, पण मला तोच सर्वांत विचार करण्याजोगा वाटला. धातूला 'आऊ' लावून आपण विशेषणे करतो. टिकणे-टिकाऊ, लढणे-लढाऊ, शिकणे-शिकाऊ, पिकणे-पिकाऊ. या सर्वांत क्रिया करणारा तोच आहे. लढाऊ माणूस स्वतः लढतो, शिकाऊ उमेदवार स्वतः शिकतो. पण याच प्रत्ययाची दुसरी माळ पाहा : विकाऊ, जळाऊ. विकाऊ वस्तू स्वतः काही विकत नाही, तिला दुसरा कोणी विकतो. जळाऊ लाकूड जळते खरे, पण ते स्वतःसाठी जळत नाही. दुसऱ्याची भाकरी भाजावी म्हणून ते चुलीत घातले जाते. म्हणजे 'आऊ' प्रत्ययाचे दोन स्वभाव आहेत. एकात कर्तेपण आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या उपयोगी पडणे आहे.

मग 'मनमिळाऊ' कोणत्या माळेतला? लढाऊ-शिकाऊच्या, की विकाऊ-जळाऊच्या? मनमिळाऊ माणूस आपण होऊन दुसऱ्याच्या मनाशी मन जोडतो, की त्याचे मन दुसऱ्याच्या मनात मिळवून टाकलेले असते? व्याकरण या दोन्ही अर्थांना वाव देते. कोणता घ्यायचा हे शब्द वापरणाऱ्यांवर, म्हणजे आपल्यावर राहते.

'मिळणे' या क्रियेचे प्रकार

हा प्रश्न सोडवण्यासाठी 'मिळणे' या क्रियापदाकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. हिंदीत 'मिलना' म्हणजे भेटणेही असते. आपण त्यासाठी 'भेटणे' हे वेगळे क्रियापद ठेवले आहे, आणि 'मिळणे' कडे दुसरी कामे दिली आहेत. 'बाजारात कांदा मिळतो' येथे मिळणे म्हणजे प्राप्त होणे. त्यावरूनच मिळकत, मिळवता, मिळवणे हे शब्द आले. 'नदी नदीला मिळते' येथे मिळणे म्हणजे एक होणे. 'अमका शत्रूला जाऊन मिळाला' येथे तेच क्रियापद फितुरीचे होते. 'हातमिळवणी' चा अर्थ सलोखाही होतो आणि संगनमतही होते. आणि 'मिळते घेणे' म्हणजे आपला हेका सोडून दुसऱ्याचे ऐकणे.

यांपैकी नदीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. आपल्या मोहोळ तालुक्याच्या एका अंगाला सीना वाहते, दुसऱ्या अंगाला भीमा. अहिल्यानगर जिल्ह्यातून निघालेली सीना पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. तेथील संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतील अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. मराठीचे इतके जुने अक्षर दोन नद्या जिथे मिळतात तिथे कोरलेले सापडावे, हा योग भाषेच्या विद्यार्थ्याला सुखावणारा आहे.

पण या संगमाची दुसरी बाजूही आहे. कुडलच्या पुढे जी नदी वाहते तिचे नाव भीमा. सीनेचे पाणी त्यात आहे, पण नाव नाही. पुढे भीमा कृष्णेला मिळते आणि तिचेही नाव तिथे संपते. म्हणजे 'मिळणे' या क्रियेत एकाचे नाव टिकते व दुसऱ्याचे जाते, असाही एक प्रकार असतो. लग्नानंतर ज्यांचे नाव, आडनाव आणि गाव एकाच दिवशी बदलते, आणि ज्यांच्याकडून 'मनमिळाऊ' असण्याची अपेक्षा जाहिरात देऊन केली जाते, त्यांना हे उदाहरण अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

याच्या उलट प्रकारही आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळतो. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरच्या काल्याने होते. काल्याची मूळ कल्पना अशी की प्रत्येकाने आपली शिदोरी आणायची, सर्वांचे एकत्र कालवायचे आणि मग सर्वांनी वाटून खायचे. काल्यात कोणाची भाकरी कोणती हे ओळखू येत नाही. पण ती एकाचीच हरवली आणि दुसऱ्याची टिकली असे होत नाही. सगळेच आपले थोडे सोडतात, म्हणून सगळ्यांनाच थोडे मिळते. येथे 'मिळणे' चे दोन्ही अर्थ, एक होणे आणि प्राप्त होणे, एका ठिकाणी येतात.

मात्र काल्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येणार नाही. ज्या पंढरपुरात हा काला होतो तिथेच चोखोबांची समाधी मंदिराच्या पायरीशी आहे, आत नाही. पुढे कित्येक शतके अस्पृश्य मानलेल्यांना त्या मंदिरात प्रवेश नव्हता. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि त्यानंतर विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. म्हणजे मने मिळायची तर आधी माणसांना एका ठिकाणी येऊ द्यावे लागते. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला 'मनमिळाऊ हो' असे सांगण्यात काय अर्थ आहे?

भावंडे शब्द

आता स्नेहभावाचे इतर शब्द पाहू. त्यांच्या मुळाशी गेले की प्रत्येकाने मैत्रीची एकेक बाजू पकडली आहे असे दिसते.

'मित्र' हा शब्द ऋग्वेदाइतका जुना. तिथे मित्र ही देवता आहे, बहुधा वरुणाच्या जोडीने येणारी. तिसऱ्या मंडलातील एकोणसाठावे सूक्त मित्राचे आहे. इराणी लोकांच्या अवेस्तात हाच शब्द 'मिथ्र' या रूपात येतो आणि त्याचा अर्थ करार असा होतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मेये यांनी १९०७ मध्ये असे मांडले की मित्र ही मुळात कराराची देवता. इ. स. पूर्व चौदाव्या शतकात आजच्या तुर्कस्तानात हित्ती व मितानी या दोन राज्यांत झालेल्या तहाच्या लेखात साक्षी देवतांमध्ये मित्राचे नाव आहे. तेव्हा मित्र म्हणजे दिलेला शब्द पाळणारा. संस्कृतात देवतेसाठी हा शब्द पुल्लिंगी आणि सोबत्यासाठी नपुंसकलिंगी आहे, ही त्यातली आणखी एक गंमत.

'स्नेह' चे मूळ 'स्निह्' म्हणजे चिकटणे, ओलसर होणे. स्नेह म्हणजे तेल-तूपही. आयुर्वेदातील स्नेहन, विज्ञानाच्या पुस्तकातील स्निग्ध पदार्थ हे याच कुळातले. संक्रांतीचा तीळ आणि स्नेह यांचा संबंध यावरून उलगडतो. तेल जसे यंत्राची घासाघीस कमी करते तसे स्नेह माणसांची करतो. आपले स्नेहसंमेलन हेच काम करते की उलट, हे ज्याचे त्याने ठरवावे.

'दोस्त' फारसीतून आला, पण तो परका नाही. प्राचीन इराणी शिलालेखांत 'दउश्तर' असे त्याचे रूप आहे आणि संस्कृतातील 'जुष्' म्हणजे आवडणे, रुची घेणे या धातूशी त्याचे नाते आहे. दोस्त म्हणजे ज्याची गोडी वाटते तो. 'सोबत' हा आपल्याला अस्सल देशी वाटणारा शब्द अरबी 'सोहबत' पासून आला. 'साथ' मात्र संस्कृत 'सार्थ' चा वंशज. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. वाटेत चोरांचे भय असे, म्हणून एकट्याने न जाता तांड्याबरोबर जावे. त्यावरून साथ देणे हा अर्थ रूढ झाला.

या सर्वांत 'गडी' हा शब्द मला विशेष महत्त्वाचा वाटतो. खेळात आपल्या बाजूचा तो गडी, आणि 'अरे गड्या' ही मित्राला मारायची हाक. पण शेतावर वर्षाच्या करारावर राबणारा तोही गडी, सालगडी. एकच शब्द मैदानावर बरोबरीचा असतो आणि बांधावर गेला की हुकमाचा ताबेदार होतो. सालगड्यालाही 'फार मनमिळाऊ आहे हो' असे म्हटलेले मी ऐकले आहे. तिथे त्याचा अर्थ 'उलट बोलत नाही' एवढाच होता.

आपल्या मुलखातील शब्द

सोलापूर जिल्हा हा भाषांचा संगम आहे. मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू येथे घराघरांत बोलल्या जातात. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या काळात सोलापूर शहरात ही माणसे एकमेकांच्या शेजारी येऊन राहिली. कानडीत मित्राला 'गेळेय' म्हणतात, तसेच 'स्नेहित' असेही; तेलुगूत 'स्नेहितुडु'. म्हणजे आपण निमंत्रणपत्रिकेत वापरतो तो 'स्नेह' आपल्या शेजाऱ्यांच्या तोंडी रोजचा आहे.

सोलापूरची खास खूण म्हणजे 'काय बे' ही हाक. बरोबरीच्या मित्राला ती गोड लागते. तीच परक्याला मारली तर भांडण होते. शब्द तोच, पण दोघांत बरोबरी मान्य असेल तरच त्यात मैत्री असते, एवढे शहाणपण त्या दोन शब्दांत आहे.

खेड्यात 'मनमिळाऊ' हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथे 'माणूस मायाळू हाय', 'मिळूनमिसळून ऱ्हातो' असे म्हणतात. मित्राला म्हणतात 'मैतर'. कॉलेजात आल्यावर आपल्यापैकी पुष्कळजण हा शब्द अडाणी समजून टाकून देतात आणि 'मित्र' म्हणू लागतात. वास्तविक मंत्राचा मंतर, जंत्राचा जंतर तसे 'मैत्र' चे मैतर झालेले दिसते. आणि 'मैत्र' हा शब्द तर भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी, पसायदानात, ज्ञानेश्वरांनी सर्व जीवांसाठी तोच मागितला आहे. ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते त्यांच्या तोंडी हा शब्द जिवंत राहिला. त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

कोणाला म्हणावे मनमिळाऊ?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा शब्द आपण कोणाला लावतो याची यादी केली तर त्यात सून आहे, कनिष्ठ नोकर आहे, सालगडी आहे, नवा विद्यार्थी आहे. या सर्वांना तो आधी सांगितला जातो. त्यांनी तसे व्हावे अशी अपेक्षा असते. साहेब, सासरा, सरपंच यांनाही तो लावला जातो, पण बहुधा सत्कारात किंवा निधनवार्तेत. म्हणजे खालच्या माणसाला मनमिळाऊपणा हे कर्तव्य आणि वरच्याला ते भूषण. एकाने मिळते घ्यायचे आणि दुसऱ्याने त्याबद्दल शाबासकी द्यायची, अशी ही वाटणी आहे. मुलीला 'मनमिळाऊ हो' असे सांगणारे घर मुलाला सहसा तसे सांगत नाही. असा वापर झाला की शब्द जळाऊच्या माळेत जातो.

दुसरी एक अडचण आहे. मनमिळाऊपणा बहुधा आपल्या माणसांपुरता असतो. आमच्या गावाचे जे नाव, तोच मराठीत मधमाश्यांच्या पोळ्यालाही शब्द आहे. मोहोळात हजारो माश्या किती एकोप्याने नांदतात! पण परक्याचा हात लागला की सगळ्या मिळून डसतात. आपल्या भावकीत, आपल्या जातीत, आपल्या कंपूत अत्यंत मनमिळाऊ असणारी माणसे बाहेरच्याशी कशी वागतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

इथे 'मैत्री' हा शब्द मदतीला येतो. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार भाव सांगितले आहेत. पाली भाषेत मैत्रीला 'मेत्ता' म्हणतात. पतंजलीच्या योगसूत्रांतही पहिल्या पादात हेच चार भाव येतात, आणि तिथे मैत्री सुखी माणसाविषयी ठेवावी असे म्हटले आहे. दुःखिताविषयी करुणा हवी हे सहज पटते. सुखी माणसाविषयी मैत्री, म्हणजे दुसऱ्याचे चांगले झालेले पाहून पोटात न दुखणे, हे कठीण. करुणेत वरून खाली पाहणे येऊ शकते. मैत्रीत समोर पाहावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शब्दाला फार मोठे स्थान दिले. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी, मित्राप्रमाणे शत्रूसाठीही, असा भेद केला आहे. १९८७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम' मध्ये तर त्यांनी असे म्हटले आहे की स्वातंत्र्य आणि समता यांना टिकवून धरणाऱ्या भावनेला फ्रेंच क्रांतिकारकांचा बंधुत्वाचा शब्द अपुरा आहे. बुद्धाचा 'मैत्री' हाच शब्द योग्य. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत मराठीत 'बंधुता' हा शब्द आहे. बंधू म्हटले की रक्ताचे नाते आले आणि त्यात बहिणीची आठवण आपणहून होत नाही. मैत्रीला रक्त लागत नाही, जात लागत नाही, स्त्री-पुरुष हा भेदही लागत नाही. दोन माणसे आणि त्यांची बरोबरी एवढ्यावर तिचे भागते.

तेव्हा 'मनमिळाऊ' हा शब्द टाकून द्यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. इतका नेमका शब्द शेजारच्या हिंदी-गुजरातीनेही घडवलेला नाही. फक्त त्याच्या घडणीत जे आहे तेवढे आपण त्याला द्यावे. त्यात मन आहे. म्हणून ज्याला स्वतःचे मन ठेवू दिलेले नाही, त्याच्या गप्प बसण्याला मनमिळाऊपणा म्हणू नये. त्यात मिळणे आहे. म्हणून ते दोन्ही बाजूंनी व्हावे, सीनेसारखे एकीचे नाव पुसून न होता काल्यासारखे व्हावे. आणि त्यातला 'आऊ' लढाऊ-शिकाऊ या माळेतला समजावा. आपण होऊन दुसऱ्याच्या मनापर्यंत जाणे हे धाडसाचे काम आहे, आणि ते शिकावे लागते. कॉलेजात निरनिराळ्या गावांची, जातींची, भाषांची मुलेमुली एका बाकावर बसतात. ते शिकण्याला याहून चांगली जागा आपल्या तालुक्यात तरी दुसरी नाही. पुढच्या वेळी कोणाला 'मनमिळाऊ' म्हणताना एवढेच पाहावे, की आपण त्याच्याशी मिळते घेतले आहे काय?